चिंचेच्या चढावरची बाई

चिंचेच्या चढावरच्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण तिला तिथं आणून बसवलं ते मीच. मुडबीच्या पुढं, गुलबर्ग्याच्या वाटेवर, चढाच्या माथ्याला शेंदूर फासलेला एक दगड अजून आहे म्हणतात. बाया तिथं हिरव्या बांगड्या ठेवतात. मी ती वाट कधीच सोडली. पण कुठं एखादी जुनी मोटार कण्हत चढ चढताना ऐकू आली आणि तापलेल्या तेलाचा तो जड, घशाला चिकटणारा वास आला, की माझी मान आखडते आणि हातातलं काम थांबतं. घरचे म्हणतात, म्हातारा झालास. मी म्हणतो, असेल बाबा.

मी डायवर होतो. निजामाच्या राज्यात आमच्या भागात मोटार चालवणाऱ्याला लोक निम्मा साहेब समजत, आणि मी स्वतःला पाऊण समजत असे. घरची शेती भावांवर टाकून मी ऐन तारुण्यात शहरात गेलो होतो. शहर म्हणजे हैदराबाद, आमच्याकडं दुसरं शहर कुणी मानत नसे. तिथल्या एका कारखान्यात मेंदी लावलेल्या दाढीचा एक मिस्त्री होता. त्याच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. विद्या मिळाली आणि त्याच्याबरोबर माजही मिळाला. माझ्या गाडीच्या बॉनेटला कुणी बोट लावलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या मिस्त्रीनं मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे इंजिनचं नाक. चालू इंजिनच्या कडेला, तेल ओतायच्या नळीच्या तोंडावर त्यानं माझा तळहात दाबून धरला. हाताला खालून हलके हलके धक्के बसायला लागले, कुणीतरी आतून फुंकर मारतंय असे. तो म्हणाला, ‘‘इंजन कू बी सांस होना, मियाँ. नाक दबाए तो पेट फुटता.’’ मग त्यानं समजावून सांगितलं. पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोलचा भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात, त्या भडक्याला वरच्या वर अडवतात. पण रिंगा कितीही नव्या असोत, थोडा जळका धूर त्यांच्या कडेनं खाली झिरपतोच. खाली चेंबर असतं, त्यात तेल असतं आणि क्रँकचा वाकडा दांडा फिरत असतो. धूर तिथं कोंडून राहिला तर चेंबरात दाब चढत जातो. म्हणून चेंबरला जाळीचं टोपण असलेलं एक तोंड ठेवतात. त्याला आम्ही ब्रीदर म्हणायचो. गाडी पळत असली की वाऱ्याच्या ओढीनं धूर तिथून निघून जातो, कुणाला कळतही नाही.

हे मी इतकं पक्कं शिकलो होतो की न शिकलेल्यांची मला चीड यायची. एकदा हुमनाबादेकडच्या एका सर्व्हिस मोटारीच्या डायवरनं धूळ जाऊ नये म्हणून ब्रीदरच्या तोंडात धोतराचा बोळा कोंबला होता. दहा मैलांत तेल क्रँकच्या दोन्ही टोकांनी फुटून बाहेर आलं, तेल मापायची पट्टी उडून बॉनेटवर आपटली आणि गाडी भर रस्त्यात तेलानं न्हाली. माझी गाडी मागून येत होती. मी उतरून त्याला मराठीत, कानडीत आणि दखनीत शिव्या घातल्या. तो बिचारा हात जोडून उभा होता आणि मला फार बरं वाटत होतं. आता त्या माणसाची आठवण झाली की मलाच लाज वाटते. त्यानं फक्त तेल सांडलं होतं.

शहरातून परतलो तो मुडबीजवळच्या एका वतनदाराच्या घरी नोकरीला लागलो. त्यांनी हैदराबादच्या कुणा अमिराची वापरलेली मोठी बंद मोटार घेतली होती, अमेरिकन बनावटीची. त्या घरात गोषा होता. मागच्या खिडक्यांना जाड, गर्द तांबडे पडदे चुका मारून ठोकलेले. माझ्या पाठीमागं लाकडी फळी, तिच्यावर बनातीचं कापड. मागच्या गादीच्या उजव्या कोपऱ्याला पडद्यात बोटभर फट ठेवलेली होती, ती थोरल्या बाईसाहेबांना पान थुंकायला. थोरल्या बाईसाहेब म्हणजे मालकांच्या पत्नी. त्यांचा एकुलता एक मुलगा शहरात वकिली शिकत होता, आणि त्याची नवी बायको इथं घरी होती. तिला सगळे वैनीसाब म्हणत.

बायका गाडीत बसायच्या वेळी मी भिंतीकडं तोंड करून उभा राहायचो. सगळ्या बसल्या की घरातली जुनी कामवाली बाई पत्र्यावर दोन थापा मारायची, मग मी जाऊन इंजिन सुरू करायचं. वाटेत मागं बघायचं नाही, मागच्याशी बोलायचं नाही. मागं कोण बसलंय, कुठं बसलंय, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि ठाऊक असणं चांगलंही नव्हतं. दोन वर्षांत वैनीसाब मला पैंजणाच्या आवाजावरून तेवढ्या माहीत होत्या. चाल हलकी होती. कधी कधी अंगणातून गाडीपर्यंत त्या पळतच यायच्या आणि थोरल्या बाईसाहेब ओरडायच्या.

दुसरी मोठी लढाई लांबत गेली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. आमच्या गाडीच्या रिंगा झिजल्या. झिजलेल्या रिंगांच्या कडेनं धूर दुपटी-तिपटीनं खाली उतरतो आणि ब्रीदरमधून भसाभस बाहेर पडतो. तो बॉनेटमध्ये भरायचा आणि पायांजवळच्या भोकांतून पुढच्या बैठकीत यायचा. मालक माझ्या शेजारी बसायचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. गुलबर्ग्याच्या कचेरीत पोचेपर्यंत त्यांच्या अंगाला तेलाचा वास यायचा.

‘‘मला काय घाण्यावरचा माणूस समजायलास का?’’ ते एकदा ओरडले. ‘‘लोक नाकाला रुमाल लावायलेत. आठ दिसांत हे बंद झालं पायजे.’’

ब्रीदर बंद करणं म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी धुराची वाट वळवायची ठरवलं. घराच्या अडगळीत एक मोडका लोखंडी पलंग होता. त्याची एक पोकळ दांडी मी कापून घेतली, रबरी नळीच्या तुकड्यानं ब्रीदरला जोडली, आणि गाडीच्या पोटाखालून मागं नेली. विचार असा की धूर पार शेपटीपलीकडं जावा. पण दांडी मागच्या बैठकीखालीच संपली. हात-दीड हात कमी पडली. अजून एक दांडी शोधून जोडायला हवी होती. मी अडगळीत वरवर बघितलं, दिसली नाही, सोडून दिलं. खरं सांगायचं तर मी आळस केला. पुढं वास यायचा बंद झाला होता, मालकांनी पाठ थोपटली होती. मी त्या दांडीवर इतका खूश होतो की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकवून दाखवायचो.

त्या थंडीत घरच्या बायका गुलबर्ग्याला एका लग्नाला निघाल्या, मालक नेहमीसारखे माझ्या शेजारी. मुडबी ओलांडली, ओढा ओलांडला, आणि पुढं तो चढ लागला, कडेला तीन जुन्या चिंचा असलेला. गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली. इंजिन ओढत होतं, गाडी माणसाच्या चालीनं वर सरकत होती. माथ्याजवळ पाठीमागच्या फळीवर धाडधाड हात बसले. मालकांनी थांब म्हणून सांगितलं. मी उतरलो आणि रिवाजाप्रमाणं शेताकडं तोंड करून उभा राहिलो. मागं दार उघडल्याचा आवाज आला, मग उलटीचा. मग एक हसणं. ते हसणं तरुण होतं, म्हणजे वैनीसाबांचंच, पण त्यात हसायचं काहीच नव्हतं. मग त्या काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या, माहेरच्या विहिरीचं, कुठल्यातरी शेळीचं, आणि बोलता बोलता गप्प झाल्या. थोरल्या बाईसाहेब डोकं दुखतंय म्हणून कण्हत होत्या. कामवाली बाई किंचाळली, ‘‘धरलं! चढावरच्या बाईनं धरलं!’’

तोवर त्या चढावर कुणी बाई आहे हे कुणाला माहीत नव्हतं. आठ दिवसांत सगळ्यांना माहीत झालं. एकजण म्हणाला, ओढ्यात बुडालेली लेकुरवाळी. दुसरा म्हणाला, बांगड्या भरायला निघालेली नवरी, आपल्या आज्यानं तिला पाहिली होती. मग दर फेरीला तसंच व्हायला लागलं. जाताना चढावर वैनीसाब गळायच्या, आणि येताना तिथंच काही होत नसे. लोकांनी त्याचाही अर्थ लावला. ‘‘जाणारीला धरती, येणारीला सोडती,’’ असं म्हणायला लागले.

आणि मी? मीही मानलं. सहा वर्षं इंजिनं खोलून आतलं सगळं पाहिलेला मी शहाणा, बॉनेटला लिंबू-मिरची बांधून हिंडायला लागलो. चिंचांच्या सावलीत कुणीतरी पदर सावरत उभं आहे असं दोनदा वाटलं. मी त्याबद्दल कुणाशी बोललो नाही, पण झोपेत ती सावली गाडीच्या मागं मागं चालत यायची. वैनीसाबांची मला कीव यायची, आणि भीतीही वाटायची.

घरच्यांनी देवऋषी आणला. मी अंगणात गाडी धूत होतो. आतून मिरचीच्या धुराचा ठसका येत होता आणि वैनीसाबांचा आवाज. ‘‘मी न्हाई, मी काय केलं न्हाई,’’ त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. देवऋषी विचारत होता, ‘‘कोण हायस तू? नाव सांग.’’ त्यांनी आपलं नाव सांगितलं की लिंबाच्या फोकाचा आवाज यायचा. शेवटी त्यांनी नाव सांगायचं सोडलं. मी कान बंद करण्यासाठी जोरजोरात पाणी ओतत होतो.

त्याच सकाळी मी गाडीच्या मागच्या भागातली सतरंजी झटकायला काढली. बायका नसताना तेवढी मुभा मला होती. सतरंजी उलटी केली तर खालच्या बाजूला ताटाएवढा काळा, तेलकट डाग. मला आधी रागच आला, कुणी तेलाचा डबा ठेवला म्हणून. मग खालच्या फळ्या बघितल्या. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट पडली होती आणि फटीच्या कडा काळ्या झाल्या होत्या. त्या फटीत पैंजणाचा एक घुंगरू अडकला होता, तो मी काढून खिशात ठेवला. मी कडब्याची एक काडी घेतली आणि फटीतून खाली सोडली. काडी सरळ त्या पलंगाच्या दांडीच्या तोंडाशी उतरली.

मी तिथंच बसून राहिलो. गादीवर बाईसाहेब बसायच्या, पानासाठीच्या फटीजवळ. दाराजवळच्या स्टुलावर कामवाली. मग खाली कोण? हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडं सून सासूच्या बरोबरीनं बसत नाही. घरात पाटाला पाट लावून बसत नाही, ती मोटारीत गादीला गादी लावून कशी बसेल? वैनीसाब सासूच्या पायांशी, सतरंजीवर बसत होत्या. नेमक्या माझ्या दांडीच्या तोंडावर. पडदे चुकांनी ठोकलेले, पाठीला फळी, आणि थंडीमुळं वरून शाली. चढावर पहिल्या गियरमध्ये इंजिनवर सगळा भार पडतो, झिजलेल्या रिंगांतून धूर धो धो उतरतो, आणि गाडीला वेग नसल्यामुळं त्याला ओढून न्यायला वारा नसतो. येताना तोच उतार. इंजिन मोकळं, धूर नाही.

खात्री करावी म्हणून मी इंजिन सुरू केलं, ॲक्सिलरेटरवर दगड ठेवला, दार लावून घेतलं आणि त्या जागी जाऊन बसलो. थोड्याच वेळात कानशिलं ठणकायला लागली, पोटात ढवळलं, आणि डोळ्यांपुढं फळ्या हलायला लागल्या. दार उघडून बाहेर पडलो आणि चाकाला धरून उभा राहिलो. आतून देवऋषीचा आवाज येतच होता. मला तेव्हाच धावत जायला हवं होतं. मी हौदावर जाऊन तोंड धुतलं.

दुपारी मालक ओसरीवर एकटे बसले होते. मी धीर केला.

‘‘मालक, गाडीच्या खालच्या फळ्यांतून धूर वर यायलाय. इंजिनचा. वैनीसाब खाली बसतेत, त्या धुरानं त्यास्नी…’’

मालकांनी अडकित्ता खाली ठेवला. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

‘‘वैनीसाब कुठं बसतेत, हे तुला कसं ठाव?’’

घुंगराबद्दल सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण वैनीसाबांच्या पैंजणाचा घुंगरू माझ्या खिशात आहे, हे त्या ओसरीवर कसं बोलायचं? आमच्या भागात अशा एका वाक्यावरून माणसं नाहीशी झालेली मी ऐकली होती. आणि त्यात तिचंही काय झालं असतं? असं मी तेव्हा मनाला सांगितलं. तिची काळजी पुढं केली की आपली भीती दिसत नाही.

‘‘न्हाई मालक. मला काय ठाव.’’

‘‘मग?’’

‘‘फळ्या ढिल्या झाल्यात. ठोकाव्या म्हणलं.’’

‘‘ठोक की मग. इचारायलास कामून?’’

मी फळ्या ठोकल्या, फटीत डांबर भरलं, आणि ती दांडी काढून परत अडगळीत फेकून दिली. दांडीचं मात्र चोरून केलं. मला वाटलं, आता सगळं आपोआप थांबेल, वैनीसाब बऱ्या होतील, माझी नोकरीही राहील आणि कुणाला काही कळणार नाही. पण दोन दिवसांनी हुकूम झाला, वैनीसाबांना कडगंचीला माहेरी सोडून यायचं. मुलाला पत्र आधीच गेलं होतं. त्यानं शहरातून होकार कळवला होता, किंवा नकार दिला नव्हता.

मीच सोडायला गेलो. मालक बरोबर नव्हते. मागं वैनीसाब आणि कामवाली बाई दोघीच. दांडी नसल्यामुळं सगळा धूर पुढं, माझ्या तोंडावर येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते बरं वाटत होतं. चढ आला. मी कान मागं लावून चढवत होतो. माथा आला, काहीच झालं नाही. मनात म्हटलं, बघा, आता तरी बघा. पुढं पाण्याला थांबलो तेव्हा कामवाली बाई उतरून माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, ‘‘आज चढावरची एकदम गप हाय. तिला पायजे ते मिळालं न्हवं? वैनीसाब घर सोडून चालल्यात, आता कामून छळंल?’’

पुढं सगळं त्याच वाटेनं गेलं. मालक पुन्हा वासावरून चिडले, मी पुन्हा अडगळीत शिरलो. पलंगाची दुसरी दांडी जोंधळ्याच्या पोत्यांमागं उभी होती. शोधायला अर्धा तासही लागला नाही. या खेपेला दोन्ही दांड्या जोडून नळी शेपटीच्या पार बाहेर काढली. पुढं वास नाही, मागं धूर नाही. थोरल्या बाईसाहेबांचं डोकं दुखायचं थांबलं. पाहुण्या बायका आल्या, गेल्या, कुणाला काही झालं नाही. ‘‘सुनेबरोबर गेली,’’ सगळे म्हणाले. मी जे जे दुरुस्त केलं ते तिच्याविरुद्ध साक्ष देत राहिलं.

त्या उन्हाळ्यात मुलाचं दुसरं लग्न झालं. नवी सूनही सतरंजीवरच बसली असणार. पहिल्यांदा तिला घेऊन चढ चढताना मी श्वास रोखून धरला होता. माथ्यावर मालकांनी गाडी थांबवायला लावली, दगडाला शेंदूर लावला, आणि माझ्या हातात नारळ दिला. ‘‘फोड. सुटलं बघ घर,’’ ते म्हणाले. त्यानंतर प्रत्येक फेरीला तिथं थांबून नारळ फोडायचं काम माझ्याकडंच आलं. मी किती नारळ फोडले असतील! आणि गंमत अशी की चढावरची बाई आहे, हे मला आता कुणापेक्षाही जास्त वाटायला लागलं होतं. ती माझ्याकडं बघायची. नारळ फोडताना मी मान वर करत नसे.

पुढच्या सुगीत मालकांनी मला काही कागद देऊन आळंदला पाठवलं. परतताना मी कडगंचीत गाडी थांबवली आणि पाणी मागायच्या निमित्तानं त्या घरापुढं गेलो. ओट्यावर एक तरुण बाई जोंधळे पाखडत होती. माहेरी गोषा नसतो. मी पाणी मागितलं तशी तिनं सूप खाली ठेवलं.

‘‘डायवरअण्णा व्हय?’’ ती म्हणाली. आवाजावरून ओळखलं, वैनीसाबच. मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. कपाळावर भाजल्याचा लहानसा डाग होता, तो कशाचा हे मी विचारलं नाही.

मी ओट्याखाली बसलो आणि सगळं सांगितलं. रिंगा, चेंबर, ब्रीदर, दांडी. चुलीचं धुराडं घरातच सोडलं तर कसं होईल, तसं झालं, म्हणालो. मग तिनं विचारलं, ‘‘चढावरच कामून?’’ मी सांगितलं. ‘‘येताना कामून न्हाई?’’ तेही सांगितलं. इंजिनचं इतकं पटकन समजलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

‘‘आता नवी हाय, ती बी खालीच बसती?’’

‘‘बसत असंल.’’

‘‘तिला काय होत न्हाई?’’

‘‘न्हाई. ती नळी काढली म्या.’’

‘‘कवा?’’

मला खोटं सांगता आलं असतं. ‘‘तुमाला इथं सोडायच्या आदी, दोन दिस,’’ मी म्हणालो.

मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असं मनापासून वाटत होतं. पण ती एकदम वेगळंच बोलली. ‘‘मला वाटायलं होतं, ती माझ्यातच हाय. इथं बी आलीय माझ्यासंगं. भावाला लेकरू झालंय, सा महिन्याचं हाय. म्या अजून हात लावला न्हाई त्याला.’’

मग ती उठली. आत गेली, पाळण्याच्या कड्यांचा आवाज आला, आणि लेकराला खांद्याशी धरून ती बाहेर आली. कसं धरायचं हे तिला नीट जमत नव्हतं. लेकराचं डोकं एका बाजूला कलत होतं आणि ती ते तळहातानं सावरत होती, आणि रडत होती. मला इतकं हलकं वाटलं की आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

परड्यातून तिची आई आली आणि दारातच किंचाळली. ‘‘अगं ठेव त्याला! ठेव खाली! काय करायलीस तू?’’

ती जागची हलली नाही. लेकराला तसंच धरून तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘‘सांगा न्हवं,’’ ती म्हणाली. ‘‘अण्णा, आईला सांगा.’’

आईनं माझ्याकडं पाहिलं. वतनदाराचा डायवर म्हणून तिनं मला ओळखलं, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. ‘‘तिकडं सासरी हे काय सांगू नका बरं,’’ ती काकुळतीला येऊन म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढं ओसरीवरचे मालक आले. ही म्हातारी आपल्या नवऱ्याला सांगणार, नवरा उद्या माणसं घेऊन मुडबीला येणार, आणि मला त्या ओसरीवर उभं राहून पुन्हा तेच बोलावं लागणार. मी पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला.

‘‘येतो अक्का,’’ मी म्हातारीला म्हणालो. ‘‘उशीर झाला, मालक वाट बघतील.’’

आईनं लेकरू तिच्या हातातून काढून घेतलं. लेकीनं ओढाताण केली नाही. गाडी सुरू करेपर्यंत ती ओट्यावरच उभी होती, हात अजून लेकराला धरल्यासारखे छातीशी.

पुढं दोन-तीन वर्षांत राज्यच गेलं. मालकांचं घर उठून पुण्याकडं गेलं, मोटार कुणीतरी भंगारात घातली, मीही गाव बदललं. ज्यांना घाबरत होतो त्यातलं कुणी उरलं नाही. कडगंचीला जायला मला कुणाची परवानगी नको होती, तरी गेलो नाही. हे सगळं आत्ता लिहायला मला आठवडा लागला. त्या दिवशी तिच्या आईला सांगायला पाच मिनिटं पुरली असती.